फौजदारी वकील (संगमनेर)

आरोपीच्या बाजूने पोलीस तपासापासून निकालापर्यंत काम पाहणारा वकील. संगमनेरात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टांबरोबर जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायालयही असल्याने खुनासारखा खटलाही इथेच चालतो. त्यावरची दाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे. कीर्तनकार इंदुरीकर महाराजांविरुद्धचे गर्भलिंगनिदान कायद्याखालचे प्रकरण याच वाटेने गेले : २०२० मध्ये संगमनेरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दाखल, २०२१ मध्ये सत्र न्यायालयाकडून कारवाई रद्द, २०२३ मध्ये खंडपीठाने ती पुन्हा सुरू केली.

वकील गाठायची खरी घाई पहिल्या दिवशी असते. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते आणि पोलीस कोठडी मिळते की न्यायालयीन, हे तिथे ठरते. त्या वेळी आरोपीजवळ वकील नसेल, तर त्याची बाजू नीट मांडली न जाण्याची भीती असते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ नुसार चौकशी चालू असतानाही आरोपी वकिलाला भेटू शकतो. अटकेची नुसती भीती असेल, तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात करता येतो. बांधावरच्या मारामारीत नाव आलेल्या शेतकऱ्याने तो लांबणीवर टाकू नये.

घरच्यांनी वकिलाकडे जाताना फिर्यादीची प्रत आणि पोलिसांची नोटीस आली असल्यास ती न्यावी. जामीन झाला तरी जामीनदार लागतो. त्याचा सातबारा, आधार आणि कोर्टाने मागितल्यास तहसीलचा ऐपतीचा दाखला तयार नसेल, तर आदेश हातात असूनही माणूस रात्रभर आतच राहतो. तपास ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत संपून दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. ही तारीख मोजून ठेवणारा वकील चांगला.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. त्यामुळे निवड ओळखीतून होते, आणि ओळखीत चूक होते. म्हणून एखाद्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐकावा. साक्षीदाराच्या जबाबातली विसंगती शांतपणे बाहेर काढणारा वकील मोठ्या आवाजाच्या वकिलापेक्षा उपयोगाचा. वकिलाची सनदही पाहावी; ती इथे सहसा महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची असते. फी ठरवताना जामिनाची किती, खटल्याची किती आणि दर तारखेला वेगळे काही द्यायचे का, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी कागदावर घ्यावे. निकालावर अवलंबून फी ठरवणे नियमबाह्य आहे. ‘साहेबांना मॅनेज करतो’ म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नये. मध्येच वकील बदलायचा असेल, तर आधीच्या वकिलाची ना हरकत किंवा कोर्टाची परवानगी लागते.

पैसे नाहीत म्हणून कुणी वकिलाविना राहू नये. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी संगमनेरच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.