काळजीवाहकाचे मानसशास्त्र : घरगुती शुश्रूषा (नागपूर)

वृद्ध, आजारी किंवा परावलंबी व्यक्तीची तिच्या राहत्या घरी अथवा वृद्धाश्रमात देखभाल करणाऱ्याला त्या व्यक्तीचे वागणे उमगावे आणि स्वतःचे मनही शाबूत राहावे, यासाठी लागणारे व्यवहारी ज्ञान. नागपुरात हे काम मुख्यतः नर्सिंग ब्युरोमार्फत चालते. ड्युटी बारा तासांची दिवसपाळी वा रातपाळी, किंवा चोवीस तासांची. बाईला मावशी, आया किंवा नुसते ‘ब्युरोवाली’ म्हणतात. पुरुषाला मामा किंवा ब्रदर. बीपी पाहणे, कूस बदलणे, डायपर बदलणे, नाकातल्या नळीतून पातळ अन्न देणे, एवढे बहुतेकांना शिकवलेले असते. पेशंट रात्री दोन वाजता का ओरडतो, हे मात्र क्वचितच कुणी शिकवते, आणि नोकरी टिकते की सुटते ते पुष्कळदा त्यावरच ठरते.

नागपूरला संस्थात्मक देखभालीचा इतिहास जुना आहे. येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चे. महाराष्ट्रातील अशा चार शासकीय रुग्णालयांत ते सर्वांत जुने. १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघ काढला तो बाळंतिणींसाठी. पुढे त्याच संस्थेने पंचवटी वृद्धाश्रम चालवला. घरगुती शुश्रूषा अशा संस्थांतील देखभालीहून वेगळी. रुग्णालयात नियम रुग्णालयाचे आणि रुग्ण पाहुणा. घरी घर पेशंटचे आणि पाहुणी मावशी. धरमपेठेतल्या किंवा लक्ष्मीनगरातल्या बंगल्यात एकटे राहणारे, मुले पुण्याला, बंगळूरला किंवा अमेरिकेत असलेले निवृत्त गृहस्थ आपल्याच स्वयंपाकघरात परकी बाई फ्रीज उघडते हे पाहून चिडतात, तेव्हा त्यात आजार काही नसतो. चाळीस वर्षे घर चालवलेल्या माणसाचा तो साधा हक्क असतो. रुग्णालयासाठी लिहिलेली पुस्तके या प्रसंगाविषयी गप्प असतात.

या ज्ञानाचा पाया एका वाक्यात सांगता येतो : ‘त्रासदायक’ वागण्यामागे कारण असते, आणि पेशंटला ते बोलून सांगता येत नसेल तर ते शोधणे काळजीवाहकाचे काम आहे. आधी शरीर, मग भोवताल, मग पूर्वायुष्य असा शोधाचा क्रम ठेवावा. क्रम उलटला की घात होतो. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज अचानक भलतेच बरळू लागली, भिंतीवर माणसे दिसतात म्हणू लागली, सकाळी ठीक आणि दुपारी सैरभैर अशी तासातासाला बदलू लागली, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नये. याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. लघवीचा संसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, अनेक दिवसांचा बद्धकोष्ठ, नव्याने सुरू झालेली गोळी ही त्याची नेहमीची कारणे. कारणावर उपचार झाला की तो बहुधा ओसरतो. स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. डिलिरियम तासांत किंवा एकदोन दिवसांत उभा राहतो. हा एवढा फरक मावशीला ठाऊक असला तरी जीव वाचू शकतो, कारण दिवसाचे बारा तास पेशंटला पाहणारी घरात तीच एक असते.

नागपुरात या मुद्द्याला ऋतूही आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपाच्या नऊ दिवसांत घराबाहेर पडवत नाही. म्हाताऱ्यांना तहान कमी लागते. शिवाय रात्री बाथरूमला उठायला नको म्हणून पुष्कळजण मुद्दाम पाणी टाळतात. कूलर चालू आहे, वाळ्याच्या ताट्या ओल्या आहेत, म्हणून सारे ठीक असे धरू नये. दुपारी चारला आबा चिडचिडे आणि गोंधळलेले असतील तर लघवीचा रंग आणि प्याल्यातले उरलेले पाणी पाहावे, स्वभावाची चर्चा नंतर. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले असेल, तर मात्र आपल्या मनाने वाढवू नये, विचारावे.

स्मृती जाते तीही क्रमाने. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो याने १८८१ मध्ये मांडलेला नियम ढोबळमानाने आजही धरला जातो : ताज्या आठवणी आधी पुसतात, जुन्या आणि सवयीच्या शेवटपर्यंत तगतात. आज सकाळी पोहे खाल्ल्याचे विसरणाऱ्या माणसाला गिरणीची पाळी आठवते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद होऊनही आता बरीच वर्षे झाली. पण तिथे उमेदीची वर्षे घालवलेला एखादा वृद्ध पहाटे उठून चप्पल शोधू लागला आणि दाराशी झगडू लागला, तर त्याच्या लेखी भोंगा वाजलेला आहे. ‘मिल कवाची बंद झाली, बाबाजी’ हे खरे असले तरी त्या क्षणी निरुपयोगी आहे. वर तो खोटा ठरतो आणि चिडतो. ‘कोणत्या खात्यात होते जी तुम्ही?’ असे विचारून त्याला बोलते करावे, बोलत बोलत चहा द्यावा. खोटे बोलू नये, वादही घालू नये. वाट या दोहोंच्या मधून जाते आणि ती सरावाने सापडते. पहिल्याच आठवड्यात घरच्यांकडून पेशंटचे पूर्वायुष्य विचारून घेणे (नोकरी, गाव, देवधर्म, आवडती भाजी, कुणाचे नाव काढायचे नाही) हे तापाच्या नोंदीइतकेच कामाचे.

भाषाही तशीच मागे सरकते. १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानी होती, आणि आजही येथल्या अनेक घरांत एकाच वाक्यात दोन्ही चालतात. स्मृतिभ्रंश वाढला की लहानपणची बोली वर येते. मावशीची बोली आणि आजीची बोली जुळली तर निम्मे काम सोपे होते. ब्युरोंनी माणूस पाठवताना वजन उचलण्याच्या ताकदीबरोबर हेही विचारावे, पण ते फार कमी विचारतात.

मनाचे सगळे धडे एकत्र पाहायचे असतील तर आंघोळ पाहावी. सर्वांत जास्त नकार तिथे मिळतो. पेशंटच्या बाजूने विचार केला तर न्हाणीघरात थंडी असते, फरशी निसरडी असते, परक्या माणसासमोर उघडे व्हावे लागते, आणि डोक्यावरून एकाएकी पाणी पडले की गुदमरल्यासारखे होते. प्रतिकार केला नाही तरच नवल. अनुभवी मावशी आधी न्हाणीघर तयार करते : टॉवेल, कपडे, स्टूल, बादली सारे हाताशी. मग पेशंटला नेते. खांद्यावर आणि मांडीवर टॉवेल असतो, तो काढत नाही, त्याच्या आडूनच धुते. पाणी आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर. डोके शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. ‘पाहून घ्या बरं काकाजी, जास्त गरम तं नाही झालं?’ म्हणून त्यांचा हात पाण्यात घालायला लावते आणि तांब्या त्यांच्याच हातात देते. निम्मे पाणी सांडते, वेळ दुप्पट लागतो. पण उद्या भांडण होत नाही. आणि तरीही नकारच आला तर ओल्या फडक्याने अंग पुसून भागते. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह बहुधा सुनेचा असतो, वैद्यकाचा नव्हे.

तांब्या हाती देण्यामागे पुरावाही आहे. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात दोन मजल्यांवरच्या वृद्धांची तुलना केली. एका मजल्यावर त्यांना छोटे निर्णय स्वतः घ्यायला आणि एक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्यावर तेच सारे कर्मचाऱ्यांनी करून दिले. पहिले वृद्ध अधिक तरतरीत व हालते राहिले. (दीड वर्षानंतरच्या पाहणीतील मृत्यूंची आकडेमोड पुढे दुरुस्त करावी लागली, त्यामुळे ‘निवडीने आयुष्य वाढते’ असे छातीठोकपणे सांगू नये.) जर्मन मानसशास्त्रज्ञ मार्ग्रेट बाल्टेस यांना निरीक्षणांत याची दुसरी बाजू दिसली : म्हाताऱ्याने मदत मागितली की कर्मचारी लगेच धावतात, त्याने स्वतःहून बटण लावले तर कुणी बघतही नाही. परावलंबन असे शिकवले जाते. आपल्याकडे त्यात मायेची भर. ‘राहू द्या आई, मी भरवते’ हे ऐकायला गोड; पण चार महिन्यांत आईचा हात तोंडापर्यंत जायचा थांबतो.

हाच हिशेब ओरडण्याला लागू. ओरडल्यावरच कुणी जवळ येत असेल तर ओरडणे वाढणार. न बोलावता अधूनमधून जवळ जाऊन बसावे.

चोरीचा आळ हा या धंद्यातला सर्वांत कडू प्रसंग. पाटल्या कुठे ठेवल्या ते आजीला आठवत नाही. आठवणीतली फट भरायला मन गोष्ट रचते, आणि त्या गोष्टीत हमखास परकी बाई असते. आजी खोटे बोलत नसते, तिला ते खरेच वाटते. ‘मी नाही घेतल्या’ म्हणून शपथा घालण्यापेक्षा ‘चला, दोघी मिळून शोधू’ हे बरे. मात्र हे मानसशास्त्र फक्त मावशीने शिकून भागत नाही. कामाला लागण्यापूर्वी दागिने आणि रोकड कुलपात, त्यांची यादी घरच्यांकडे, ही जबाबदारी कुटुंबाची. आजाराचे लक्षण म्हणून उमटलेला शब्द पोलीस चौकीपर्यंत गेला तर पोट मावशीचे जाते.

नैराश्य म्हातारपणात गुपचूप येते. रडणे कमी, ‘काही नको’, ‘भूक नाही’, अंग दुखते अशा तक्रारी जास्त. त्यामुळे ते अनेकदा विसराळूपणा म्हणून खपते. ‘आता सुटलो तर बरं’ असे वारंवार कानी आले तर ते बोलण्याची रीत समजून हसण्यावारी नेऊ नये. घरच्यांना त्याच दिवशी सांगावे आणि गोळ्या, कीटकनाशके नजरेआड ठेवावीत. उलट टोकाला, रात्री शांतता हवी म्हणून झोपेची गोळी वाढवणे किंवा हात पलंगाला बांधणे हे दोन्ही घातक : गोळीने पेशंट पडतो, बांधल्याने संभ्रम वाढतो. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. गोळी ठरवणे डॉक्टरचे. तिच्यामुळे दिवसा किती गुंगी येते हे डॉक्टरला सांगणे मावशीचे.

भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सांभाळणाऱ्यांच्या मनाची पाहणी त्या मानाने तोकडी आहे. आर्ली हॉक्सचाइल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये दाखवून दिले की हसतमुख राहणे हीसुद्धा मजुरी असते, आणि तीही थकवते. ब्युरोच्या दरात ती धरलेली नसते. दोन वर्षे सांभाळलेला पेशंट गेला की तेराव्याला बोलावणे येईलच असे नाही. हिशेब होतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी ड्युटी लागते. चिडचिड, पेशंटविषयी काहीच न वाटणे, झोप उडणे, घरी मुलांवर हात उगारला जाणे ही लक्षणे दिसली तर पाळी बदलून मागावी. आठवड्याची सुटी ही मेहेरबानी नव्हे. कुटुंबात सांभाळणारी सून किंवा मुलगी असेल तर तिला तेवढीही सुटी नसते, आणि ती मागण्याची लाजही वाटते. पेशंटवर हात उचलावासा वाटला तर त्याला सुरक्षित बसवून खोलीबाहेर पडावे आणि कुणाला तरी फोन करावा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तो काळजीवाहकांसाठीही आहे. वृद्धांच्या छळाची वा अडचणीची तक्रार १४५६७ वर करता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी मेडिकल आणि मेयो या शहरातील दोन शासकीय रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत.