घराचा नकाशा, बेताच्या खर्चातला

घराच्या एका मजल्यावरील भिंती, दारे, खिडक्या, जिना व ओटा यांची जागा आणि मापे प्रमाणात दाखवणारे रेखाचित्र. बांधकामशास्त्रात त्यास तलविन्यास, तर बोलीत ‘नकाशा’ किंवा ‘प्लॅन’ म्हणतात. घर खिडकीच्या तळकडेच्या जरा वर आडवे कापून वरून पाहिले, तर जे दिसेल ते या चित्रात काढलेले असते. बेताच्या खर्चाचे घर बांधताना सिमेंट-विटांच्या दरावर मालकाचा फारसा ताबा नसतो. भिंती, वाटा आणि नळ किती लांब जायचे, हे मात्र नकाशाच ठरवतो. म्हणून काटकसरीचा नकाशा तपासताना खोल्यांच्या संख्येइतकेच या तीन लांब्यांकडे पाहावे लागते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील जुनी घरे ‘खणां’त मोजली जात. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. ते मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवर ठरे, त्यामुळे घराची ऐपत ‘तीन खणांचे’, ‘पाच खणांचे’ अशी सांगता येई. कोकणातील घरात पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दारी न्हाणी असा क्रम सर्रास आढळतो. माजघर मधोमध असल्याने तेथून सर्वत्र जाता येई आणि वेगळा बोळ लागत नसे. मात्र त्यात उजेड कमी पडे. सध्याच्या काँक्रीटच्या सांगाड्यात खणाची जागा कॉलमांमधील अंतराने घेतली आहे. कॉलम सरळ रेषेत आणि अंतरे सारखी ठेवली, तर बीम सुटसुटीत होतात व सळई वाया जात नाही. खोल्या आधी काढून कॉलम नंतर बसवले, तर वाकडेतिकडे बीम पदरी पडतात.

क्षेत्रफळ : घराचे बाहेरून मोजलेले क्षेत्र आणि वापरता येणारे क्षेत्र यांत भिंतींचा फरक असतो. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. तीत आतील आडभिंतींची जागा धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळतात. बाहेरून २० × ३० फूट, म्हणजे ६०० चौ. फुटांच्या घराला ९ इंची बाह्यभिंत घातली, तर आत १८.५ × २८.५ म्हणजे सुमारे ५२७ चौ. फूट उरतात. काँक्रीटच्या सांगाड्यात हीच भिंत ६ इंची ब्लॉकची केली, तर आतील क्षेत्र ५५१ चौ. फूट होते. पाया व स्लॅब तेवढाच राहून चार बाय सहाच्या न्हाणीइतकी जागा अधिक मिळते.

आकार : ६०० चौ. फुटांचे घर २४ × २५ फूट असेल, तर बाहेरचा घेर ९८ फूट भरतो. १५ × ४० केल्यास तो ११० आणि १२ × ५० केल्यास १२४ फूट होतो. क्षेत्र तेच असूनही शेवटच्या आकारात २६ फूट भिंत वाढते. तिच्यासोबत पाया, दोन्ही बाजूंचा गिलावा आणि रंगही वाढतो. २४ × २५ च्या घराचा एक कोपरा ६ × ६ फुटांनी आत घेतला, तर क्षेत्र ३६ चौ. फुटांनी घटते, पण घेर ९८ फूटच राहतो. शिवाय दोन कोपरे नव्याने ओळंब्यात उभे करावे लागतात. दर्शनी भागाला उठाव देण्यासाठी केलेल्या खाचाखोचा यामुळेच महाग पडतात. गावठाणातील किंवा गुंठेवारीतील अरुंद भूखंडावर लांबट घराला पर्याय नसतो. तेथे शेजाऱ्याच्या बाजूला खिडकी मिळत नाही, म्हणून मध्ये छोटा चौक सोडणे उपयोगी पडते.

खोल्यांची मापे : भारतीय राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ हिच्यानुसार घरात राहण्याची एकच खोली असल्यास तिचे क्षेत्र किमान ९.५ चौ. मी. (सु. १०२ चौ. फूट) आणि रुंदी २.४ मी. असावी. दोन खोल्या असल्यास दुसरी ७.५ चौ. मी. चालते. स्वयंपाकघर किमान ५ चौ. मी. आणि एकत्र न्हाणी-संडास २.८ चौ. मी. असावा लागतो. प्रत्यक्ष परवानगी स्थानिक नियमांनुसार मिळते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तर मुंबईसाठी वेगळी नियमावली आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिच्या घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौ. मी. (सु. २६९ चौ. फूट) आहे.

खोलीचा उपयोग क्षेत्रापेक्षा दाराच्या जागेवर अधिक ठरतो. दहा बाय दहाच्या खोलीत तीन फुटी दार भिंतीच्या मधोमध ठेवले, तर दोन्ही बाजूंना साडेतीन फुटांचे तुकडे उरतात. त्यांत पाच फुटी पलंगाचे डोके बसत नाही. हेच दार कोपऱ्यापासून सहा इंचांवर घेतले, तर साडेसहा फूट सलग भिंत मिळते आणि तिथे तीन-तीन फुटांची दोन लोखंडी कपाटे शेजारी उभी राहतात. म्हणून नकाशात पलंग, कपाट, शिवणयंत्र, फ्रीज आणि धान्याची कोठी मापात काढून मगच दारे ठरवावीत. कपाटाचे दार उघडण्यासाठी पुढे सोडायची जागाही त्यात धरावी.

वाटा : तीन फूट रुंद व पंधरा फूट लांब बोळ ४५ चौ. फूट खातो, म्हणजे ६०० चौ. फुटांच्या घराचा साडेसात टक्के भाग. जेवणाची जागा मध्यभागी ठेवून खोल्यांची दारे तिच्याकडे उघडली, तर बोळ वाचतो. माजघराची जुनी युक्ती ती हीच. मात्र चारही भिंतींना दारे पडली, की त्या खोलीत टेबल टेकवायला भिंत उरत नाही. त्यामुळे ही दारे एका कोपऱ्याभोवती गोळा करतात.

पाणी : स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणी आणि संडास एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ठेवल्यास नळ, सांडपाण्याची वाट आणि चेंबर कमी लागतात. पुढे गळती झाली, तर फोडायची भिंतही एकच असते. वरच्या मजल्याची न्हाणी खालच्या न्हाणीवरच घ्यावी. अन्यथा झोपण्याच्या खोलीच्या छतातून नळ जातो. वास्तुशास्त्र पाळणाऱ्या कुटुंबांत येथे पेच पडतो. स्वयंपाकघर आग्नेयेला आणि संडास वायव्येला नेल्यास ते घराच्या कर्णाच्या दोन टोकांना जातात आणि पाण्याची वाट लांबते. अशा वेळी निदान न्हाणी तरी स्वयंपाकघराला चिकटून ठेवणे, ही नेहमीची तडजोड आहे.

उजेड व वारा : संहितेनुसार खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र उष्ण-कोरड्या हवेत खोलीच्या एक दशांश, तर उष्ण-दमट हवेत एक षष्ठांश असावे. शंभर चौ. फुटांच्या खोलीला विदर्भात १० चौ. फूट खिडकी पुरते, कोकणात सुमारे १७ चौ. फूट लागते. समोरासमोरच्या भिंतींत उघड्या जागा असल्या तरच वारा खेळतो. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापते, म्हणून तिकडे जिना, कोठीची खोली किंवा न्हाणी ठेवतात. विदर्भात कूलरसाठी एक बाहेरची खिडकी नकाशातच धरावी लागते, शिवाय त्याचे पाणी भरायला बाहेरून वाटही हवी.

जिना व वाढ : दहा फूट उंची साडेसात इंची पायऱ्यांनी चढायला सोळा चढ लागतात; मध्ये वळणारा साधा जिना साठ-सत्तर चौ. फूट जागा घेतो. आज एकच मजला बांधायचा असेल, तर जिना बाहेरच्या अंगाला ठेवावा. पुढे वरचा मजला स्वतंत्रपणे भाड्याने देता येतो. टप्प्याटप्प्याने बांधायचे असल्यास पाया आणि कॉलम पूर्ण घराच्या वजनाचेच हवेत. गच्चीवर सोडलेले गज उघडे राहिले, तर गंजतात.

वाढत्या घराच्या विचाराची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईतील बेलापूर येथे १९८०–९० च्या दशकात रचलेल्या वसाहतीत घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक नाहीत, त्यामुळे प्रत्येकाला आपले घर वाढवता येते. बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरमधील अरण्य प्रकल्पात गरीब कुटुंबांना जोते आणि संडास-न्हाणी-नळाचा गाभा देण्यात आला. बाकीचे घर त्यांनी ऐपतीप्रमाणे बांधले. या प्रकल्पास १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.

साहित्य व नकाशा : केरळमध्ये काम केलेले वास्तुविद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी भिंत रूढ केली. तीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत कमी तापते. अशा रचनेत लांबी-उंची विटेच्या पटीत ठेवली, तर तोडलेल्या अर्ध्यामुर्ध्या विटा कमी निघतात. म्हणजे साहित्याची बचतही कागदावरच्या मापांपासूनच सुरू होते.

आखणी : पायाखुदाईपूर्वी जागेवर दोरी धरून फक्कीने रेघा मारतात. नकाशाची ही शेवटची तपासणी होय. घरातील बाईमाणसांनी ओट्यापासून जेवणाच्या जागेपर्यंत चालून पाहावे. खाट खोलीत आणून ठेवावी. आजी-आजोबांच्या खोलीपासून संडास किती पावलांवर आहे, ते मोजावे. कागदावर प्रशस्त वाटलेली खोली येथे बहुधा लहान वाटते, कारण अजून भिंती व छत नसतात. केवळ त्या भासावरून माप वाढवू नये, ठेवायच्या वस्तूंनी ते तपासावे. दार किंवा आडभिंत सरकवायची असेल, तर ती याच वेळी सरकवावी: रेघ पुसायला गडी पायाने माती ओढतो आणि ओंजळभर फक्कीत नवी रेघ पडते.