कच्ची कथा, पक्का पिक्चर

"स्टोरीत काही दम नाही रे, पण कामं काय मस्त केलीयेत!" थिएटरमधून बाहेर पडताना हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी टाकलेलं असतं. त्यावर कुणी वाद घालत नाही. मला मात्र नेहमी प्रश्न पडतो. कथेत खरंच दम नसेल तर आपण तीन तास खुर्चीला चिकटून बसलो कसे? नटांनी आणि दिग्दर्शकानं पिक्चर "वाचवला" म्हणतो, तेव्हा त्यांनी नेमकं वाचवलं काय?

यासाठी "अमर अकबर ॲन्थनी"पेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. २७ मे १९७७ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. आणीबाणी उठून जेमतेम दोन महिने झाले होते. दिग्दर्शक मनमोहन देसाई, आणि निर्माते म्हणूनही त्यांचा हा पहिलाच चित्रपट. त्या एका वर्षात त्यांचे चार चित्रपट आले: "धरम वीर", "चाचा भतीजा", "परवरिश" आणि हा. चारही चालले. असं वर्ष हिंदी सिनेमात फार थोड्या दिग्दर्शकांच्या वाट्याला आलं असेल.

आता कथा बघा. १५ ऑगस्टला तुरुंगातून सुटलेला बाप गुंडांपासून वाचवण्यासाठी आपल्या तीन मुलांना बागेत गांधीजींच्या पुतळ्यापाशी सोडतो आणि गुंडांच्याच गाडीतून पळ काढतो. गाडीत सोनं सापडतं. क्षयानं खंगलेली आई जीव द्यायला निघालेली असते, तिच्या अंगावर झाडाची फांदी पडते आणि तिची दृष्टी जाते. तिन्ही मुलं तीन दिशांना पांगतात. एक हिंदू पोलीस अधिकाऱ्याकडे, एक मुस्लिम शिंप्याकडे, एक ख्रिस्ती पाद्र्याकडे. बावीस वर्षांनी आईला अपघात होतो आणि रक्त द्यायला नेमके हे तिघेच हजर! तिघांच्या हातातून नळ्या निघतात, रक्त खालून वर बाटलीत चढतं आणि तिथून आईच्या अंगात उतरतं. कुठल्याही डॉक्टरला हे दृश्य दाखवा, तो पोट धरून हसेल. रक्तगट, गुरुत्वाकर्षण, योगायोगाची मर्यादा, सगळं धाब्यावर! आणि देसाईंचं धाडस असं की हे दृश्य कुठे अधेमधे लपवलेलं नाही. श्रेयनामावली याच दृश्यावर येते. पुढे शिर्डीच्या साईबाबांसमोर अकबर कव्वाली गातो आणि बाबांच्या मूर्तीतून निघालेल्या दोन ज्योती आईच्या डोळ्यांत जाऊन तिला दिसायला लागतं.

कागदावर हे वाचून कुणी पैसे घातले असते का? मी तर नसते घातले.

मग हे चाललं कसं? पहिलं उत्तर अर्थातच अभिनय. पण अमिताभच्या आधी मी निरूपा रॉयचं नाव घेईन. या बाईंची आपण नंतर फार टिंगल केली, नकलाकारांनी तर त्यांच्यावर पोट भरलं. पण या चित्रपटात त्यांचा चेहरा नीट बघा. "हे सगळं जरा अतिच आहे, नाही का?" असं प्रेक्षकाला डोळा मारून सांगणं कुठेही नाही. आंधळी भारती फुलं विकते, मुलं हरवली आहेत, बस्स. प्राणचंही तेच. ज्या रॉबर्टनं एकेकाळी त्याला जोडे पुसायला लावले, त्याच रॉबर्टला (जीवन) तो पुढे जोडे पुसायला लावतो, तेव्हा त्या चेहऱ्यावर सूडाचं समाधान असतं आणि शिवाय घर गमावल्याचा थकवाही असतो. ही दोन जुनी, मुरलेली माणसं पाया धरून उभी आहेत म्हणून वरच्या मजल्यावर तीन नायकांना धुडगूस घालता येतो.

आणि अमिताभ! दारू पिऊन, मार खाऊन आलेला ॲन्थनी आरशासमोर उभा राहून स्वतःच्या प्रतिबिंबाला मलमपट्टी करतो, तो प्रसंग कथेच्या दृष्टीनं शून्य आहे. तो काढला तर कथानकाचा एक धागाही तुटत नाही. पण तो काढून बघा, चित्रपटाचा जीवच जाईल. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं फिल्मफेअर त्याला याच भूमिकेसाठी मिळालं. संकलनाचं पारितोषिक आपल्या कमलाकर कारखानीसांना मिळालं, ते मात्र कुणाच्या लक्षात नसतं. इतक्या पात्रांची आणि इतक्या योगायोगांची मोट वळून प्रेक्षकाला विचार करायला उसंतच न देणं, हे संकलकाचंही काम असतं.

दिग्दर्शकाचं म्हणाल तर एकच उदाहरण देतो. अमिताभ तेव्हा शिखरावर होता, तरी मारामारीत विनोद खन्नाचा अमर त्याला बदडून काढतो. कारण दोघं भाऊ आहेत, बरोबरीचे आहेत. रफी, किशोर, मुकेश आणि लता असे चारही आवाज देसाईंनी लक्ष्मीकांत-प्यारेलालकडून एकाच गाण्यात आणवले आणि तिन्ही जोड्यांना त्यात सारखा वाटा दिला. कुणीही लहान नाही, कुणीही मोठा नाही. चित्रपटाला जे सांगायचं आहे ते वाटणीतच सांगून झालं.

इथपर्यंत बहुतेक लोक माझ्याशी सहमत होतील. पण आता जरा उलटं बोलतो.

नुसत्या नट-दिग्दर्शकांच्या जोरावर चित्रपट तरत असेल, तर अकरा वर्षांनी तो का तरला नाही? १९८८ साली "गंगा जमुना सरस्वती" आला. तेच देसाई, तोच अमिताभ, सोबत मिथुन. पुन्हा ताटातूट, पुन्हा भेट, आणि यावेळी मगरीशी झुंजसुद्धा. चित्रपट कोसळला. देसाईंनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट. अमिताभचं वय, बदललेला काळ, व्हिडिओ, कारणं बरीच सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पण मला वाटतं, खरा फरक कथेतच होता.

"अमर अकबर"ची कथा तर्काला कच्ची आहे, पण तिच्या मुळाशी एक अगदी खरी गोष्ट आहे. एका माणसानं आपली तीन मुलं बागेत सोडून दिल्याची बातमी देसाईंच्या वाचनात आली होती, तिथून हा चित्रपट सुचला असं सांगतात. आणि त्या गोष्टीची मांडणी बघा. कोण कुणाचा मुलगा हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत आहे, पात्रांना माहीत नाही. त्यामुळे ॲन्थनी त्या आंधळ्या म्हातारीशी सहज दोन शब्द बोलला तरी आपल्या घशात काहीतरी अडकतं. नटानं वेगळं काही करायची गरजच उरत नाही. ही किमया पटकथेची! प्रयाग राज यांची पटकथा, कादर खान यांचे संवाद, आणि मूळ कथा देसाईंच्या पत्नी जीवनप्रभा यांची. कादर खान भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात शिकवणारे, कामाठीपुऱ्यात वाढलेले. ॲन्थनीच्या तोंडची मुंबई त्यांनी रस्त्यावरून उचलली होती. "कथा टुकार, अमिताभनं तारलं" असं म्हणताना आपण या सगळ्यांचं श्रेय परस्पर दुसऱ्याच्या खात्यात जमा करतो.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. हॉलिवूडचा "कॅसाब्लांका" (१९४२) घ्या. वॉर्नर ब्रदर्सनं वीस हजार डॉलरला घेतलेलं, रंगमंचावर कधीच न आलेलं एक नाटक. पटकथेची पानं चित्रीकरण चालू असताना लिहिली जात होती. आपण नेमकं कुणावर प्रेम करायचंय हे शूटिंगच्या वेळी कळत नव्हतं, असं इन्ग्रिड बर्गमननं स्वतः सांगितलंय. कथा ज्यावर उभी आहे ते प्रवासाचे परवाने, म्हणे त्यांना कुणी आव्हानच देऊ शकत नाही! नाझींच्या छायेतल्या मोरोक्कोत असल्या कागदाला कोण विचारणार होतं? पण कॅफेत फ्रेंच राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा हे प्रश्न गळून पडतात. त्या प्रसंगात रडणारी मादलेन लबो १९४० साली जर्मन फौजा येण्याआधी पॅरिस सोडून पळालेली होती. पडद्यावरच्या गर्दीत असे कितीतरी खरेखुरे निर्वासित होते. परवाने खोटे, पण देश सुटल्याचं दुःख खरं. आणि याच पटकथेला ऑस्कर मिळालं!

म्हणून मला वाटतं, कथेचा कच्चेपणा दोन प्रकारचा असतो. एक तर्काचा आणि एक भावनेचा. तर्कातली भोकं चांगला नट बुजवू शकतो, म्हणजे खरं तर तो ती बुजवत नाही, त्यांच्यावर मनापासून विश्वास ठेवतो आणि आपल्यालाही ठेवायला लावतो. पण ज्या कथेत कुणाचं काही हरवलेलंच नाही, तिथे तो बिचारा काय करणार? मगरीशी झुंजणार!

देसाई गिरगावातल्या खेतवाडीचे. यशाच्या शिखरावर असतानाही तिथे गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायचे. चाळीतल्या माणसाला रक्ताची बाटली खालून वर भरत नाही हे कळत नाही, असं त्यांना खासच वाटत नसणार. त्याला ते कळतं, पण पलंगावर आई आहे म्हटल्यावर तो ते चालवून घेतो, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९८८ साली पलंगावर कोण आहे, हेच सांगायचं राहून गेलं.

असो. पुढच्या वेळी टीव्हीवर "अमर अकबर" लागला की हसा, मीही हसतो. फक्त श्रेयनामावली येईल तेव्हा लेखकांची नावं जरा वाचा.