नकाशातली तपकिरी रेघ

आज कोयनेच्या खोऱ्याचा एक जुना नकाशा सांगते. धरण व्हायच्या आधीचा, सर्व्हे ऑफ इंडियाचा. कागदावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचा एक मैल.

गटाच्या बैठकीत तो पसरला, तेव्हा आधी नुसत्या तपकिरी रेघाच दिसल्या. या समोच्च रेषा. एका रेघेवरची सगळी जमीन सारख्याच उंचीची. रेघा दाटीवाटीने आल्या की समजायचं कडा आहे, सुट्या झाल्या की जमीन सपाट. महाबळेश्वरला उगम पावून कोयना साधारण ६५ किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. एका अंगाला सह्याद्री, दुसऱ्या अंगाला बामणोलीची रांग. दोन्हीकडे रेघांची नुसती गर्दी! हेळवाकजवळ नदी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या वरच्या अंगाला धरण बांधलं.

आता नीट ऐका. धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६३ फूट. म्हणजे पाण्याचा काठ हीसुद्धा एक समोच्च रेषाच. त्या रेघेच्या खाली जे होतं, ते गेलं. नदीकाठी रेघा सुट्या, म्हणून भातखाचरं तिथं आणि घरंही तिथंच. आधी बुडाली ती चांगली जमीन. वर उरला नाचणी-वरीचा उतार. माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगली. आणि आज टेंभू योजनेतून आटपाडी-कवठेमहांकाळला पाणी येतं, त्यात कोयनेचंही असतं. हे आपण सहसा बोलत नाही.

आमच्या गटात एक आजी आहेत, धरणग्रस्त. गाव उठलं तेव्हा दहा-बारा वर्षांच्या. अक्षर येत नाही. पण सोळशी कोयनेला मिळते ती जागा दाखवल्यावर तिथून त्यांनी निळ्या रेघेवर बोट सरकवत नेलं आणि थांबल्या. "ह्येच आमचं. हितनं वर जंगलात लाकडाला जायचो." खरंच, तिथं पायवाटेची तुटक रेघ होती!

मग म्हणाल्या, "पानवठ्याचं नाव न्हाई गं लिवलं?"

नव्हतं. देवळाची खूण होती, डोंगराची उंची फुटात होती. बायका रोज जिथं दोनदा जायच्या, त्या जागेचं नाव नव्हतं. मोजणीवाल्यांनी नावं विचारली असतील ती पाटलाला, कुलकर्ण्याला. पाणवठ्यावर कोण विचारायला जाणार?

आजींनी सहा नावं सांगितली: पाणवठा, दोन ओढे, एक आंबा, धुण्याचा खडक, नदीचा उतार. नकाशाच्या झेरॉक्सवर मी ती पेन्सिलीने लिहून घेतली. खडकाची जागा त्यांनी दोनदा बदलायला लावली.