आवाजाची वाट आणि बोरघाटातली चौकी

‘फोन लागत नाही’ ही तक्रार आपल्या ओळखीची आहे. दुसरी तक्रार थोडी विचित्र असते. फोन लागतो, पण भलतीकडेच. किंवा माणूस घरात बसलेला असतो, त्याचा फोन चालू असतो आणि लावणाऱ्याला मात्र ऐकू येतं, ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.’ अशा वेळी तार तुटलेली नसते, यंत्रही बंद पडलेलं नसतं. कोणता कॉल कोणत्या वाटेने न्यायचा याची जी नोंद यंत्रात असते, तीच चुकलेली असते. या नोंदींना आज राऊटिंग टेबल म्हणतात. त्या सांभाळायला मोठमोठी सॉफ्टवेअर आहेत. चूक शोधण्याची रीत मात्र सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी जुनी आहे. मावळातून जाणाऱ्या वाटेवर ती चांगली समजते.

पुढची चौकी

नवव्या शतकात अब्बासी खिलाफतीत इब्न खुर्दादबिह नावाचा अधिकारी होता. इराणच्या जिबाल प्रांतातली टपाल आणि खबर यंत्रणा, म्हणजे ‘बरीद’, त्याच्याकडे होती. त्याने ‘किताब अल-मसालिक वल-ममालिक’ हा ग्रंथ लिहिला. मसालिक म्हणजे वाटा, ममालिक म्हणजे राज्ये. कोणत्या ठाण्यानंतर कोणतं ठाणं आणि मधलं अंतर किती, अशा याद्यांनी तो भरलेला आहे. त्याला त्या काळचं राऊटिंग टेबल म्हणायला हरकत नाही.

चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाच्या राज्यात आलेल्या इब्न बतूताने इथल्या डाकेचं वर्णन केलं आहे. पायी डाकेच्या प्रत्येक मैलात तीन चौक्या असत. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात वर तांब्याच्या घंटा बांधलेली काठी. घंटांचा आवाज ऐकून पुढच्या चौकीतला माणूस कंबर कसून उभा राही. सिंधहून दिल्लीला पोचायला माणसाला 50 दिवस लागत. खबर 5 दिवसांत जाई.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हरकाऱ्याला दिल्लीची वाट माहीत असण्याची गरज नव्हती. त्याला फक्त पुढची चौकी ठाऊक हवी. आजचं टेलिफोन एक्सचेंजही असंच चालतं. लोणावळ्याचा कॉल नागपूरच्या घरापर्यंत कसा जाईल, हे पहिल्या एक्सचेंजला माहीत नसतं. ते कॉल फक्त पुढच्या एक्सचेंजच्या हवाली करतं. मधल्या एका चौकीने चुकीच्या दिशेला बोट दाखवलं, तर बाकीच्या सगळ्या बरोबर असूनही निरोप हरवतो.

घाट, धनगर आणि तार

मावळ हा मुळातच वाटेचा मुलूख. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या जुन्या व्यापारी मार्गालगत कार्ले आणि भाजे इथली लेणी आहेत. कार्ल्याच्या लेखांत यवन दात्यांची नावंही सापडतात. 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. 1863 मध्ये घाटातली रेल्वे सुरू झाली. कामाच्या भरात 40 हजारांहून अधिक मजूर इथे राबत होते.

या घाटात शिंग्रोबाचं मंदिर आहे. लोककथा सांगते की साहेबांना डोंगरातून वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि बदल्यात त्याचा जीव गेला. कथा शब्दशः घ्यायची की नाही, हा वेगळा प्रश्न. पण वाटेचं ज्ञान आधी माणसाच्या पायात असतं, नंतर ते नकाशात उतरतं आणि नकाशा झाला की तो माणूस विसरला जातो, हे ती नेमकं सांगते. अभियंत्याचं नाव दस्तावेजात राहिलं, धनगराचं देवळात.

रेल्वेच्या आधी तार आली. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या मार्गांत मुंबईहून पुणे, बल्लारीकडून मद्रासला जाणारी तार होती. 1855 मध्ये ही सेवा सर्वसामान्यांना खुली झाली. निरोप पुढे जाईना, की मार्गावरच्या ठाण्यांना एकेक करून विचारायचं: इथवर येतोय का? ज्या ठाण्यापर्यंत येतो आणि ज्याच्यापर्यंत येत नाही, त्या दोहोंच्या मध्ये बिघाड. मग माणूस त्या टापूत चालत जाई. आज अभियंता पडद्यावर कॉल ‘ट्रेस’ करतो, तेव्हा तो हेच करतो. फक्त चालावं लागत नाही.

ऑपरेटरकडून आकड्यांकडे

टेलिफोनच्या पहिल्या काळात वाटेचं ज्ञान ऑपरेटरच्या डोक्यात असे. ट्रंक कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट पाहायची. नेहमीची लाईन भरलेली असेल, तर जाणता ऑपरेटर दुसऱ्या शहरावरून कॉल फिरवून देई. पण माणूस आला की पक्षपातही आला. अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर हा अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं स्पर्धकाकडे जोडून देते, असा त्याला संशय होता असं सांगतात. त्याने 1891 मध्ये स्वयंचलित एक्सचेंजचं पेटंट मिळवलं. भारतात 25 नोव्हेंबर 1960 रोजी कानपूर-लखनौ दरम्यान पहिली एसटीडी सेवा सुरू झाली आणि ऑपरेटरची जागा आकड्यांनी घ्यायला सुरुवात केली.

मावळ तालुक्याचा एसटीडी कोड 02114. बारामतीचा 02112, इंदापूरचा 02111. घाट उतरला की खोपोली 02192. पुण्याचा पूर्वी 0212 होता, नंतर 020 झाला. मुंबईचा 022. एक्सचेंज हे आकडे डावीकडून वाचत जातं. 021 पर्यंत लोणावळा, बारामती, खोपोली सगळे एकच. शेवटच्या आकड्यापर्यंत थांबून, सर्वांत लांब जुळणारी नोंद निवडायची, हा नियम. तक्त्यात 2 आणि 4 ची गफलत झाली, की लोणावळ्याचा कॉल बारामतीत वाजणार.

तक्ता बदलत राहतो, तसं काम अवघड होत जातं. लँडलाईन क्रमांकांच्या आधी 2 लागला. पुढे 20 जानेवारी 2011 पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. तोवर मोबाईलचे सुरुवातीचे आकडे पाहून कंपनी आणि परिमंडळ कळत असे. आता प्रत्येक कॉलआधी एका मोठ्या नोंदवहीत पाहावं लागतं, की हा क्रमांक सध्या कोणाकडे आहे. एखाद्या कंपनीकडची प्रत जुनी राहिली, तर तिच्या ग्राहकांचे कॉल जुन्याच कंपनीकडे जातात आणि तिथून परततात. म्हणून पोर्ट केलेल्या माणसाला काही जणांचे फोन येतात, काहींचे येत नाहीत.

15 जानेवारी 2021 पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी 0 लावणं बंधनकारक झालं. लोणावळ्यासारख्या हॉटेलांच्या गावात हा बदल क्षुल्लक नव्हता. अनेक हॉटेलांच्या अंतर्गत एक्सचेंजमध्ये बाहेरची लाईन घ्यायलाच आधी 0 दाबतात. म्हणजे आता दोन शून्यं. एक यंत्र गिळणार, दुसरं पुढे जाणार. जुन्या मांडणीत दोन्ही गिळली गेली, तर कॉल अडला.

चूक सापडते कशी?

कॉल तुटतो तेव्हा यंत्रणा एक कारण क्रमांक मागे सोडते. 17 म्हणजे समोरचा बोलत आहे. 3 म्हणजे तिथे जायला वाट नाही. 1 म्हणजे असा क्रमांकच दिलेला नाही. तपासणारा प्रथम पाहतो, की हा क्रमांक कोणत्या चौकीने लिहिला. मग तिच्या आधीच्या चौकीचा तक्ता उघडतो. कधी दोन एक्सचेंज एकमेकांकडे बोट दाखवत असतात आणि कॉल त्यांच्यात गोल फिरतो. म्हणून इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलला टप्प्यांची मर्यादा घालतात. साधारणतः 70 टप्पे झाले, की कॉल सोडून द्यायचा.

सगळ्यात मोठा धडा 15 जानेवारी 1990 चा. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीचं न्यूयॉर्कमधलं एक एक्सचेंज काही क्षण बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि त्याने शेजाऱ्यांना तसं कळवलं. कळवणं स्वीकारणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये एका आज्ञेची जागा चुकली होती. शेजारी कोसळले. ते उठले आणि त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना कळवलं. 114 एक्सचेंजमध्ये ही साथ पसरली आणि देशातली लांब पल्ल्याची सेवा सुमारे 9 तास कोलमडली. सगळ्या चौक्यांत एकच सॉफ्टवेअर असल्याने चूकही सगळीकडे एकच होती. शेवटी वर्दळ कमी केली, तेव्हा यंत्रणा सावरली.

‘अस्तित्वात नाही’

अल्गोरिदम या शब्दात अल-ख्वारिझ्मीचं नाव आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगायला हवंच. पण अधिक उपयोगी वारसा बरीदचा आहे. नोंद ठेवायची आणि प्रत्यक्ष वाटेशी ती पुन्हा पुन्हा ताडून पाहायची.

कारण प्रश्न सोयीपुरता नाही. खंडाळा पुणे जिल्ह्यात, खोपोली रायगडमध्ये. मध्ये अपघातांचा घाट. तिथून 112 लावणाऱ्याची हाक खालचा टॉवर उचलू शकतो, वरचाही. मदत कोणत्या बाजूने निघावी हे ठरवणाऱ्या नोंदीत चूक असेल, तर तिची किंमत मिनिटांत मोजावी लागते, आणि ती मिनिटं जखमी माणसाची असतात.

दुसरी गोष्ट त्या ध्वनिमुद्रित वाक्याची. यंत्राला फक्त एवढंच माहीत असतं, की आपल्या तक्त्यात ही ओळ नाही. ते बोलतं मात्र, ‘अस्तित्वात नाही.’ मतदार यादीत नाव शोधताना, शेख आणि शेक, सैय्यद आणि सय्यद अशा स्पेलिंगांपायी खिडकीवरून परतताना आपल्यापैकी अनेकांनी हे वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकलेलं आहे. चांगला अभियंता ते ऐकून ग्राहकावर संशय घेत नाही. तो आधी आपला तक्ता उघडतो. खिडकीपलीकडच्या माणसानेही एवढं केलं, तर बरीच माणसं हेलपाटा न घालता घरी जातील.