वऱ्हाडातला वायपर आणि त्याचे मिस्त्री

वायपर बिघडला आहे हे बहुधा पाऊस सुरू झाल्यावरच कळते. वऱ्हाडात त्याची गरज वर्षातून जेमतेम चार महिने. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत वायपरचे रबर काचेला टेकून उन्हात भाजत राहते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या पिकअपची काच त्याहूनही तापते. रबर कडक होऊन चिरते, मोटर आणि पाते जोडणाऱ्या दांड्यांच्या लिंकेजमधले ग्रीस वाळते आणि काळ्या मातीची बारीक धूळ त्या ग्रीसमध्ये बसून घट्ट होते. मग मृगाची पहिली सर येते, चालक बटण फिरवतो आणि काचेवर चिखलाचे पट्टे ओढले जातात. अमरावती आणि अकोल्यात वायपर दुरुस्तीला हंगाम असतो, तो असा.

काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट अमेरिकेत मेरी अँडरसन या अलाबामाच्या बाईंना १९०३ साली मिळाले. चालकाने आतून दांडी ओढायची आणि बाहेर रबराची पट्टी फिरायची, इतकीच ती रचना. त्या काळात वऱ्हाडच्या मालाला काचेची गरजच नव्हती. कापूस बैलगाडीने बाजारात यायचा आणि तिथून रेल्वेने मुंबईला जायचा. बडनेरा-अमरावती फाटा १८७१ पासून चालू होता आणि पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे अरुंद रुळांची गाडी, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, धावू लागली. पावसात गाडीवान डोक्यावर घोंगडी घेई आणि बैलांना वाट पाठ असे.

चित्र बदलले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धातल्या जीपचा वायपर हाताने फिरवायचा होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्या पेट्रोल जीपमध्ये व्हॅक्यूमवर चालणारा वायपर आला. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते. त्या ओढीची एक रबरी नळी काचेजवळच्या लहान डबीत नेलेली असे. डबीतली पाकळी आळीपाळीने दोन्ही बाजूंना ओढली जाई आणि पाते हलत राही. रचना साधी आणि स्वस्त होती, पण चढावर ती दगा देई. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाची ही ओढ कमी होते आणि वायपर मंदावतो किंवा थांबतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या जीपचा हाच अनुभव. चिखलदऱ्याला पाऊस अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे जिथे पुसण्याची निकड सर्वाधिक तिथेच पाते काचेच्या मध्यावर अडून बसायचे. चालक क्षणभर पाय उचलत, काच पुसली गेली की पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबत. दोष रचनेतच होता. मिस्त्री चिरलेली नळी बदले, डबी उघडून पाकळीची कड तेल लावून मऊ करी. याहून जास्त काही करणे त्याच्या हातात नव्हते. वायपर पुरता बंद पडला तर ओली तंबाखू काचेवर चोळायची ही चालकांची जुनी युक्ती. तिने पाण्याचे थेंब न बनता काचेवर सलग पातळ थर पसरतो आणि निदान समोरचे दिसते.

डिझेलने व्हॅक्यूमचा काळ संपवला. १९५४ मध्ये टेल्कोने जमशेदपूरला डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. डिझेल इंजिनात हवा रोखणारी झडप नसल्याने तशी ओढ फुकट मिळत नाही, म्हणून वायपरला विजेची मोटर हवी. जर्मनीत बॉशने ती १९२६ मध्येच बाजारात आणली होती. भारतात लुकास-टीव्हीएससारखे कारखाने १९६०च्या दशकात उभे राहिल्यावर देशी मोटर आणि तिचे सुटे भाग जिल्ह्याच्या गावापर्यंत मिळू लागले.

इथे वायरिंगच्या मिस्त्रीचा धंदा इंजिनाच्या मिस्त्रीपासून वेगळा झाला. डायनॅमो, सेल्फ, हॉर्न आणि वायपर ही त्याची कामे. हत्यारे मोजकी: टेस्टलॅम्प, कैची, सोल्डरिंग आयर्न, पॉलिश पेपर. मोटारीचे जळालेले आर्मेचर तांब्याची तार भरून पुन्हा जिवंत करणे हे या धंद्यातले सर्वांत कसबाचे काम. शेतातल्या पंपाच्या मोटारीचे वाइंडिंग करणाऱ्याचे कसबही याच जातीचे.

पुढे मॅटाडोर आला, १९८६ मध्ये टाटा ४०७ आली, २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी टाटा एस आली आणि बोलेरो पिकअप तर गावोगाव दिसू लागली. कापसाची बोंदरी, वरुड-मोर्शीची संत्री, सोयाबीनची पोती या गाड्यांवर लादली गेली. परतीचा पाऊस आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळी येतात, त्यामुळे वायपर बिघडला म्हणून पिकअप त्या दिवसांत घरी बसवून ठेवणे कोणालाच परवडत नाही.

पिकअपच्या वायपरचा दोष शोधण्याची रीत ठरलेली आहे. आधी काच ओली करायची, कारण कोरड्या काचेवर पाते फिरवले की रबर फाटते. मग बटण फिरवून कान द्यायचा. मोटर गुणगुणते पण पाते हलत नाही, तर लिंकेजचा बॉल निसटलेला असतो, दांडीच्या बुडाचा नट ढिला असतो किंवा आतला प्लॅस्टिकचा गिअर झिजलेला असतो. आवाजच नसेल तर फ्यूज. तो जळाला असेल तर नुसता बदलून भागत नाही. लिंकेज अडकले की मोटर जास्त करंट खेचते आणि नवा फ्यूजही जातो. म्हणून मोटर लिंकेजपासून सोडवून एकटी फिरवून पाहतात. फ्यूज ठीक असेल तर मोटारीच्या प्लगवर टेस्टलॅम्प लावायचा. दिवा पेटला तर दोष मोटारीत किंवा अर्थमध्ये. नाही पेटला तर स्विच, रिले किंवा वायर. अर्थचा दोष वऱ्हाडात फार आढळतो, कारण चिखल आणि गंजामुळे बॉडीशी असलेला सांधा सैल पडतो. एकच स्पीड चालत असेल तर तिसरा कार्बन ब्रश किंवा स्विच पाहायचा. पाते काचेच्या मधेच थांबत असेल, तर बटण बंद केल्यावर त्याला खाली आणून ठेवणारी तांब्याची पट्टी काळवंडलेली असते. पॉलिश पेपरने ती घासली की बहुतेक वेळा काम होते.

कायद्यानेही या दुरुस्तीला मागणी दिली. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०१ नुसार काच असलेल्या वाहनाला यांत्रिक शक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर लागतो. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. अमरावतीची एमएच-२७ असो की अकोल्याची एमएच-३०, पासिंगच्या आदल्या दिवशी वायपर आठवतोच.

आताच्या मोटारीत फील्ड कॉइलऐवजी कायमचे चुंबक असते आणि आर्मेचर भरण्यापेक्षा अख्खी मोटर बदलणे स्वस्त पडते. वाइंडिंगचे कसब त्यामुळे मागे पडत चालले आहे, आणि ते जपण्यासारखे होते. दोष शोधण्याचे काम मात्र तसेच उरले आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून विक्रम झाला. रस्ता मोकळा झाला तशी गाड्यांची गती वाढली, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला गढूळ फवारा थेट काचेवर येऊ लागला. नुसत्या पात्याने तो पुसला जात नाही. वॉशरचे पाणी लागते. काळ्या मातीच्या गाळाने बुजलेले वॉशरचे छिद्र बारीक टाचणीने मोकळे करणे हे आता पावसाळ्याआधीच्या कामात धरले जाते.