पत्र पोचते, माणसाला जावे लागते

काशीचा संकठा घाट मराठी माणसाला शोधावा लागत नाही. एका बाजूला बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधवलेला सिंधिया घाट, दुसऱ्या बाजूला ग्वाल्हेरकरांचा गंगामहाल आणि त्याला लागून आमच्या नागपूरकर भोसल्यांचा घाट. पायऱ्या चढून गल्लीत शिरले की संकठा देवीचे देऊळ येते. घाटावर यमेश्वरही आहे. यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेला, इथे स्नानाला गर्दी होते. यमाला बहीण यमुनेकडे नुसता निरोप धाडता आला असता. तो स्वतः जेवायला गेला, म्हणून त्या तिथीचा सण झाला.

मी नागपुरात घरी बसून बंगळुरूच्या एका कंपनीचे हिशेब तपासते. त्यामुळे काशीतली जुनी मराठी मंडळी मला जवळची वाटतात. त्यांचेही काम दूर बसूनच चाले. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांचे घराणे ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात राहून पेशव्यांशी पत्रव्यवहार ठेवून होते. सदाशिव नाईक जोशी काशीतल्या घाटांच्या बांधकामाची खबर पुण्याला कळवत. कासीद पत्रे नेत, पैसा हुंडीने फिरे. पण हुंडी वटायची ती पेढीच्या पतीवर, आणि पत कागदावर जन्मत नाही. ती ओळखीतून, येण्याजाण्यातून उभी राहते.

जिथे पत्राने भागत नव्हते, तिथे माणूस जाई. गागाभट्टांचे पूर्वज पैठणहून काशीला गेलेले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा विधी गागाभट्टांना लिहून धाडता आला असता. पण १६७४ साली ते स्वतः रायगडावर आले. राजाला छत्रपती म्हणून मान्यता द्यायची, तर काशीचा पंडित लोकांना डोळ्यांनी दिसायला हवा होता.

पेशवे बाजीरावांच्या आई राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या. वाटेत उदयपूर, जयपूर इथे त्यांचा मोठा सन्मान झाला. ज्याला बाजीरावांनी १७२९ मध्ये जैतपूरला कोंडले होते, त्या मोगल सरदार महंमदखान बंगशानेही त्यांची बडदास्त ठेवली. पुढच्या वर्षी बाजीराव आणि जयपूरचे राजे सवाई जयसिंग समोरासमोर भेटले. राजकारणाची कारणे वेगळी होतीच. पण एका वृद्ध बाईच्या यात्रेने वाट मऊ केली, हे नाकारता येत नाही.

माझा अनुभव याहून फार लहान आहे. एका सहकाऱ्याची ईमेल मला कायम खडूस वाटे. बंगळुरूला एकदा आम्ही एका टेबलावर जेवलो, तेव्हा कळले की गडी मुळातच मितभाषी आहे, घरच्यांशीही तेवढेच बोलतो. त्यानंतरही त्याची ईमेल दोनच ओळींची असते, पण मला ती खुपत नाही.

म्हणून घरून काम बंद करा असे मी म्हणणार नाही. पाटणकर काशीत बसूनही पुण्याच्या उपयोगी पडलेच. माझे सांगणे एवढेच की वर्षातून एकदा, कुठलेही काम अडलेले नसताना, सगळ्यांना एका पंगतीला बसवावे. भांडण झाल्यावर बोलावलेली बैठक ही भेट नव्हे, ती सुनावणी. आणि हो, त्या प्रवासखर्चाची बिले माझ्याकडेच तपासायला येतात. त्यांवर माझी हरकत नसेल.